H नंतरचा खांब

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण दिवसभर खालच्या खणांतल्या फायली उपसून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घे.

तू पाठवलेले सरावाचे दोन्ही कागद सोडवून सोबत पाठवते आहे. दुपारच्या सुट्टीत इथेच, रेकॉर्ड रूममध्ये बसून सोडवले. तळघरात फोनला रेंज नाही, आणि असली तरी आपण दोघी फोनवर पाच मिनिटांत भांडायला लागतो. त्यापेक्षा पोस्ट बरं. भांडण पोचायला आठवडा लागतो, तोवर राग उतरलेला असतो.

मला बाई एक कळत नाही. माणसाची बुद्धी मोजायला इंग्रजी अक्षरांचे नंबर कशाला लागतात? म्हणे A एक, B दोन, असं धरून CAT म्हणजे चोवीस, तर DOG म्हणजे किती. मी बेरीज करते तर CAT चे बावीसच होतात. ते चोवीस म्हणतात. म्हणजे वरचे दोन कुठल्या तरी नियमाचे असणार. सरकारी काम आहे, काहीतरी वर लावल्याशिवाय कसं होईल? म्हणून मी DOG मध्येही दोन मिळवून सत्तावीस लिहिले आहेत. बघ बरोबर आहे का.

गेल्या दोन्ही खेपांना याच बुद्धिमत्ता चाचणीत आपटले. कार्यालयीन नियमांचा पेपर तर झोपेतही लिहीन. तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे मलाच जरा धाक राहील: ही शेवटची खेप. पंचेचाळीस पूर्ण झाली की विभागीय परीक्षेला बसूच देत नाहीत. पास झाले तर लेखनिक होईन. लेखनिकाला बदली मागता येते, माझ्यासारख्या परिचराला नाही. आणि आपल्या गावच्या रुग्णालयात लेखनिकाची जागा अजून रिकामी आहे, हे मी दर महिन्याला विचारून घेते.

बाबा कसे आहेत? तू कशी आहेस, हे विचारत नाही. तू 'बरी आहे'च लिहिणार.

तुझी,
भिंगरी
(नावच राहिलं. फिरायचं केव्हाच थांबलं.)


१७ जानेवारी

भिंगरीस आशीर्वाद.

मी बरी आहे.

तुझे कागद तपासले. अगं, शाळेत मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं, पण मांजरावर अधिभार लावणारी विद्यार्थिनी पहिल्यांदाच पाहिली. वर काही लावायचं नसतं. C तीन, A एक, T वीस. झाले चोवीस. तू T ला अठरा धरतेस. कोणी सांगितलं तुला? DOG चे सव्वीस होतात.

आणि हे बघ. एका ठिकाणी तू I ला नऊ दिलेस आणि खालच्याच ओळीत J लाही नऊ. एका खुर्चीत दोघी बसल्या आहेत. वाचता वाचता माझ्याच नाकी नऊ आले.

पहिल्यापासून बोटांवर मोजत बसू नकोस, तेवढा वेळ मिळत नाही. पाच अक्षरं पाठ कर: E, J, O, T, Y. म्हणजे पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. हे मैलाचे दगड. विचारलेलं अक्षर ज्या दगडाजवळ असेल तिथून एक-दोन पावलं मागेपुढे. S म्हणजे T च्या एक अलीकडे, एकोणीस. 'ईजोटी' असं म्हणत जा. अर्थ काही नाही, पण लक्षात राहतं. मी बाबांची कूस बदलताना मोठ्यानं म्हणते, म्हणजे मलाही दम लागलेला कळत नाही.

बाबा तसेच. तो एकच शब्द उरला आहे, 'बरं'. विचारलं, धाकटी पास होईल का? म्हणाले, "बरं." विचारलं, नापास झाली तर? म्हणाले, "बरं." एवढा समाधानी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मदतीला ठेवलेली बाई पंधरवड्यात गेली. म्हणाली, म्हाताऱ्याचं वजन फार आहे. तिचं काही चुकलं नाही.

नवीन कागद सोबत आहेत. नीट सोडव.

तुझी,
ताई


३० जानेवारी

प्रिय ताई,

ईजोटी पाठ झालं. जिना उतरताना ईजोटी, फायली चढवताना ईजोटी. आमच्या रेकॉर्ड रूमच्या थोरल्या बाई म्हणाल्या, "काय गं, मंत्र घेतलास का कुणाकडून?" म्हटलं, ताईकडून.

कागद सोडवले, पण खरं सांगते, दुपारी डोळे मिटतात. सकाळपासून वरून मागणी येत असते, अमक्याची जुनी फाईल, तमकीचा केसपेपर. मी रॅकांमधून फिरते, शिडी चढते, उतरते, धूळ खाते. शेवटी स्टुलावर बसले की तुझा कागद समोर धरते आणि अक्षरं आपोआप हलायला लागतात. तरी सगळे प्रश्न सोडवले आहेत, एकही सोडलेला नाही.

एक विचारू? तुझं पत्र पेन्सिलीनं का? गेल्या महिन्यातलंही पेन्सिलीनंच होतं. तू शाळेत पोरींना पेन्सिल वापरली की ओरडायचीस. पेन उताणं धरलं की चालत नाही, हे इथे वॉर्डातल्या रोग्यांकडून शिकले आहे मी. आडवी पडून लिहितेस का?

मला बाबांना इथे आणता आलं असतं तर कधीच आणलं असतं. पण माझी खोली एवढी की दुसरी कॉट टाकली तर दार उघडणार नाही, आणि दिवसभर मी तळघरात. तेव्हा मीच तिकडे यायचं, दुसरा मार्ग नाही. सारखं तेच तेच मनात येतं, आणि तेच तेच लिहिते.

तुझी,
भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरी,

पेन सापडत नाही म्हणून पेन्सिल. दुसरं काही नाही.

आता तुझ्या कागदांबद्दल. ते मी दोनदा तपासले. पहिल्यांदा चष्मा बदलायची वेळ झाली असं वाटलं.

A पासून H पर्यंत एक चूक नाही. ईजोटीतली पाचही अक्षरं बरोबर. बाकी J च्या पुढची सगळी अक्षरं एकनं कमी. P पासून पुढची सगळी दोननं कमी. J दहा लिहिलंस आणि K पण दहा. T वीस आणि त्याच्या शेजारची S सतरा! मधले दोन कुठे गेले, जेवायला? जो माणूस T वीस लिहितो त्याला S एकोणीस आहे हे कळत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

मी आयुष्यभर चुका तपासल्या आहेत. निष्काळजी मूल कसंही चुकतं, कधी इकडे, कधी तिकडे. घाबरलेलं मूल शेवटी शेवटी चुकतं. पण इतक्या शिस्तीत चुकायचं म्हणजे उत्तर माहीत असावं लागतं. चुकायचं ठरवल्याशिवाय असं चुकता येत नाही.

तेव्हा स्पष्ट विचारते. तुला यायचं नाही का?

नसेल यायचं तर तसं सांग. मी रागावणार नाही. तुला तिकडे नोकरी आहे, तुझी खोली आहे, तुझ्या बाई आहेत. इथे काय आहे? औषधाचा वास आणि 'बरं'. पण दर वेळी परीक्षेला बसायचं, थोडक्यात नापास व्हायचं, आणि मला पुढच्या वर्षाची आशा लावायची, हे नको. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं आहे मला. आशेनं माणूस जास्त दमतो, भिंगरी.

कागद पाठवत नाही.

ताई


६ मार्च

ताई,

तुझं पत्र आल्यावर फाडणार होते. मग वाटलं, फाडून काय होणार, पाठ तर झालंच आहे.

उत्तर लिहायला इतके दिवस लागले, कारण आधी चार वेळा लिहिलेली उत्तरं पाठवण्यासारखी नव्हती. त्यांत मी तुला 'हुकूमशहा' म्हटलं होतं, आणि बरंच काही.

चौथं लिहून झालं त्या दिवशी मी ठरवलं, तुझ्या नाकावर टिच्चून दाखवायचं. रॅकांपुढे उभी राहिले आणि एकेका रॅकवर हात मारत मोठ्यानं मोजत निघाले. A एक, B दोन. H आठ. पुढच्यावर हात मारला, नऊ. आणि वर पाहिलं तर J.

ताई, आमच्याकडे I रॅकच नाही.

मागे आले, पुन्हा मोजलं. H च्या पुढे J. तसंच N च्या पुढे P. O पण नाही. I ची आडनावं H च्या शेवटच्या खणात असतात आणि O ची N च्या. हे मला इथे लागल्यापासून माहीत आहे, झोपेतून उठवलं तरी सांगीन. पण ते माहीत होतं हातांना. मोजणी करणाऱ्या डोक्याला कुणी कळवलंच नव्हतं.

थोरल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वीच्या कुठल्या तरी साहेबांनी काढून टाकले. खणाला नंबर असतो ना, I रॅकचा पहिला खण म्हणजे I1, तो अकरासारखा दिसायचा. O चं शून्य व्हायचं. रोग्यांच्या फायली हरवायला लागल्या, तेव्हा साहेबांनी दोन्ही अक्षरं बंद केली.

आता तू तुझ्या हिशेबानं बघ. K आमच्याकडे दहावा. S सतरावा. T अठरावा, पण तो तू पाठ करून घेतलास म्हणून वीस लिहिला. बाकीच्यांना मी कागदावर मोजतच नव्हते गं. कागद समोर आला की माझे डोळे मिटतात आणि पाय चालायला लागतात. S म्हटलं की मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. इतकी वर्षं हेच तर केलं आहे मी, दुसरं काय केलं?

म्हणजे दोन्ही खेपांना मी नापास झाले ते आमच्या साहेबांच्या रॅकांमुळे. हसावं की रडावं? मी रडले. मग बाई हसल्या, मग मीही हसले.

पण तू जे लिहिलंस ते लागलं. फार लागलं. आणि त्यात एक कण खरा आहे म्हणून जास्त लागलं. मला यायचं आहे. पण भीती वाटते. बाबांची नाही, तुझी. तू जे एकटीनं केलंस ते मला जमेल का, आणि नाही जमलं तर तू मला बोटावर मोजून चुका दाखवशील का, याची. आता लिहून टाकलं.

भिंगरी


१४ मार्च

माझी भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांना वाटलं बाबांना काही झालं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना एवढंच कळलं की तुझ्या हापिसात दोन कपाटं कमी आहेत. "मग घ्या म्हणावं विकत," म्हणाल्या.

हसून झालं आणि मग मला माझी लाज वाटली. सगळ्या जगाच्या चुका तपासणारी मी. चूक दिसली, चुकीची शिस्तही दिसली, आणि तिचा अर्थ मात्र सगळ्यात वाईट काढला. धाकट्या बहिणीबद्दल. मला माफ कर.

असा अर्थ का काढला, तेही सांगते, कारण आता लपवून उपयोग नाही. पेन्सिलीचं तू बरोबर ओळखलंस. मी आडवी पडून लिहिते. गेलं वर्षभर माझं अंग खाली येतं आहे, पिशवी सरकली आहे. बाबांना उचलून उचलून. बसलं की ओढ लागते, उभं राहिलं की जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर जड काही उचलायचं नाही. म्हटलं, बाई, आमच्या बाबांना सांगा हलकं व्हायला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, फार लांबवू नका.

ऑपरेशन केलं की महिना-दीड महिना विश्रांती. तेवढे दिवस बाबांना कोण बघणार? म्हणून मी तुझ्या परीक्षेकडे डोळे लावून बसले होते. तुला सांगितलं असतं तर तू घाबरून आणखी चुकली असतीस. नाही सांगितलं, तर मीच कडवट झाले. हात दाखवून अवलक्षण.

तुला जमेल का म्हणतेस. मला तरी कुठे जमतं आहे?

आता कामाचं बोलू. तुझे पाय हट्टी आहेत, ते शिकवून बदलायचे नाहीत. पंचेचाळिशीत पाय नवे मिळत नाहीत. त्यांना चालू दे. फक्त मला सांग, H आणि J च्या मध्ये काय आहे? आणि N आणि P च्या मध्ये? रिकामी भिंत आहे की काही वस्तू?

कागद सोबत पाठवते आहे.

तुझी,
ताई


२३ मार्च

ताई,

आधी तुझ्यावर खूप रागावून घेते. वर्षभर! मी रुग्णालयात नोकरी करते आणि माझ्याच बहिणीचं दुखणं मला पेन्सिलीवरून ओळखावं लागतं. मी इथल्या स्त्रीरोग विभागातल्या बाईंशी बोलून ठेवलं आहे. कर्मचाऱ्याची बहीण म्हणून त्या लवकरची तारीख देतील. कधी यायचं ते तू सांगायचं नाहीस, मी सांगणार. तोवर बाबांना एकटीनं उचलायचं नाही. काकूंच्या मुलाला हाक मार. लाजू नकोस.

आता तुझा प्रश्न. H आणि J च्या मध्ये खांब आहे. छताला टेकलेला, सरळसोट. मी त्याला टेकूनच डबा खाते. आणि N आणि P च्या मध्ये आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली. तांबडी, गोल तोंडाची.

तुझा कागद हातात घेऊन मी खांबाला टेकून बसले होते, तेव्हा ते दोन्ही दिसले. उभा खांब म्हणजे I. बादलीचं गोल तोंड म्हणजे O. साहेबांनी अक्षरं काढून टाकली तरी ती दोघं आपापल्या जागी उभीच होती, कुणी हाक मारायची वाट बघत.

आता मी चालते तेव्हा खांबाला हात लावते आणि 'नऊ' म्हणते. बादलीपाशी 'पंधरा'. थोरल्या बाई म्हणतात, पोरगी हातची गेली.

कागद सोबत आहेत. तपास.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

भिंगरीस,

सगळी बरोबर. एकही चूक नाही. मी तीनदा तपासलं, चूक सापडेना तेव्हा करमेना.

एक शेवटचं. उलट्या क्रमानं विचारतात, Z पहिला धरून. तेव्हा तळघराच्या दुसऱ्या टोकाकडून चालत येऊ नकोस, दमशील. सरळ क्रमांक सत्तावीसमधून वजा कर. A एक, तर उलटा सव्वीस. D चार, तर उलटा तेवीस. दोन्हीकडून मोजलं तरी बेरीज सत्तावीसच.

बाबांना सांगितलं, धाकटीला आता खांब दिसायला लागला. "बरं," म्हणाले. या खेपेला मला ते खरंच पटलं.

घोडामैदान जवळ आहे. डबा घेऊन जा, उपाशी बसू नकोस. फार आशा मी करत नाही, असं लिहिणार होते. पण करते आहे.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

प्रिय ताई,

झाली. हात अजून दुखतो आहे.

अक्षरांचे प्रश्न बरेच होते. पहिला वाचला. मग डोळे मिटले, तळघरात उतरले आणि निघाले. खांबाला हात लावला. बादलीला वळसा घातला. एकदा नियम सापडेना तेव्हा जरा वेळ बादलीच्या काठावर बसले आणि मग सापडला.

परीक्षेवर देखरेख करणारे गृहस्थ माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, पाय हलवू नका. शेजारच्यांना त्रास होतो." म्हटलं, साहेब, पाय हलवू दिले नाहीत तर मी R पर्यंत पोचायची कशी? ते पुढच्या बाकाकडे गेले. मी पाय थांबवले नाहीत, फक्त चपला काढून ठेवल्या.

पास होईन का, सांगता येत नाही. मात्र या वेळी नापास झाले तर माझ्या स्वतःच्या अकलेनं होईन, साहेबांच्या नाही. तेवढं समाधान.

घरी येऊन पडले आणि उठवेना. वाटलं, आता कुणी फक्त चहा आणून द्यावा आणि काही विचारू नये. मग तुझी आठवण झाली. तुला असं केव्हापासून वाटत असेल?

तुझी,
भिंगरी


११ मे

भिंगरी,

पत्र छोटं आहे. परवा बाबा कॉटवरून सरकले आणि मी सवयीनं धरायला गेले. ते ठीक आहेत. डॉक्टरीणबाई मला आता उठू देत नाहीत. काकूंचा मुलगा सकाळ-संध्याकाळ येतो, मधल्या वेळी काकू. पण त्यांनाही त्यांचं घर आहे, किती दिवस करतील?

निकाल कधी?

ताई


२० मे

ताई,

पास.

तिकडची जागा मिळाली. आदेश हातात आला तेव्हा मी नाव तीनदा वाचलं, तुझ्यासारखं. मग जागेचं नाव वाचलं आणि जिन्यातच बसले. लेखनिक, अभिलेख कक्ष. म्हणजे पुन्हा रेकॉर्ड रूमच! एका तळघरातून दुसऱ्या तळघरात. बाई म्हणाल्या, "तुझ्या कपाळावर धूळच लिहिली आहे." लिहू दे. तुमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरची धूळ आहे.

जूनच्या पहिल्या सोमवारी येते. ऑपरेशनची तारीख त्याच आठवड्यातली घेतली आहे. तू काकूंच्या मुलाबरोबर इकडे यायचं, मी तिकडे. माझ्या खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे आणि पुढचाही महिना ठेवते. थोरल्या बाई रुग्णालयात बघतील आणि नंतर खोलीवरही येतील. घरमालकीणबाई जेवण देणार. तू फक्त पडून राहायचंस.

हो-नाही करू नकोस. आयुष्यात एकदा माझं ऐक.

तुझी,
भिंगरी


१२ जून

प्रिय ताई,

थोरल्या बाईंचा निरोप मिळाला, ऑपरेशन नीट झालं आणि तू खोलीवर आलीस. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, बाबांना दिसू नये म्हणून.

आता माझा अहवाल. पहिल्या दिवशी बाबांची कूस बदलताना आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. दुसऱ्या दिवशी तुझी रीत कळली, गुडघा कॉटला टेकवायचा आणि ईजोटी म्हणायचं. T ला ते वळतात. मी कामावर असताना काकू बसतात, दुपारी येऊन मी जेवू घालते. तुला हे सगळं एकटीला कसं जमलं, हे मी विचारणार नाही. जमलेलं नव्हतंच, हे तुझ्या कमरेच्या पट्ट्यावरून, उशीखालच्या गोळ्यांवरून आणि कॉटच्या कडेला बांधलेल्या त्या दोरीवरून कळलं. ती धरून तू उठत होतीस ना?

आणि एक गंमत. इथल्या रेकॉर्ड रूममध्ये रॅकांना अक्षरंच नाहीत. नुसते आकडे! एवढा खांब, एवढी बादली पाठ केली, आणि इथे कुणाला A सुद्धा नको आहे. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे बघून एकटीच हसले.

बाबांनी तुझ्या कॉटकडे बघून दोनदा हात केला. कुठे आहे, असं असेल. मी म्हटलं, ताई झोपायला गेली आहे, फार दिवसांची झोप राहिली होती. त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "बरं." अगदी समजून.

तू माझ्या खोलीत, मी तुझ्या. दोन्हीकडून मोजलं तरी बेरीज तीच म्हणायची.

तुझी,
भिंगरी


२० जून

भिंगरीस खूप आशीर्वाद.

हे पत्र पेननं लिहिते आहे, बघितलंस ना? म्हणजे बसून.

तुझी खोली खरंच एवढीशी आहे. पण हिला एक खिडकी आहे आणि खिडकीखाली कुणाचं तरी शिवणयंत्र चालतं. दुपारभर त्याचा आवाज येतो, चांगला वाटतो. तुझ्या थोरल्या बाई दोनदा येऊन गेल्या. मला चालायला परवानगी मिळाली तेव्हा तपासणीच्या दिवशी त्यांनी मला तळघरात नेलं. मी खांब पाहिला. त्याच्यावर, बसल्यावर डोकं टेकतं तिथे, तुझ्या तेलाचा डाग आहे. इतकी वर्षं तू तिथे टेकलीस आणि मी तुला म्हटलं, तुला यायचं नाही का? त्या डागावर मी हात ठेवला. बादलीत लोकांनी विड्यांची थोटकं टाकली आहेत, ती काढायला सांगितली.

माझी फाईलही आता तिथेच जाईल. बाई म्हणाल्या, खांबाजवळच्या खणात ठेवते. तुझ्या ओळखीची जागा.

पहिले काही दिवस मी झोपलेच नाही. कुणी हाक मारत नाही, याचीच भीती वाटायची. उठून बसायची, कानोसा घ्यायची, काहीच नाही. फक्त शिवणयंत्र.

काल दुपारी मात्र गाढ झोप लागली. कितीतरी वर्षांनी अशी लागली. झोपेतच कुठेतरी वाटलं, बाबांची कूस बदलायची वेळ झाली. डोळे न उघडताच गुडघा टेकवला, हात घातले, ई, जे, ओ म्हणत नीट वळवलं, अंगावरचं पांघरूण सारखं केलं. फार हलकं वाटलं म्हणून डोळे उघडले. बघते तर मी तुझी उशी कुशीवर वळवून तिला चादर घातली होती.

मी तिच्या शेजारी आडवी झाले. वाटलं, उठायला कशाला हवं, तिकडे भिंगरी आहे. आणि परत झोपले.

तुझी,
ताई